परसात फुलपाखरं आणि कीटक शोधताय? या चुका टाळा

झेंडू लावला, शेवंती लावली, नर्सरीतून इक्झोरा आणला. तरी फुलपाखरं येतात आणि लगेच निघून जातात. गणपतीच्या सुमारास ही तक्रार हमखास ऐकू येते. याचं कारण बहुतेक वेळा फुलांत नसतं. मध प्यायला फुलपाखरू वेगवेगळ्या फुलांवर टेकतं, पण अंडी घालायला मादीला ठरावीक झाडाचं पानच लागतं. ते दिसलं नाही तर ती शेजारच्या कुंपणाकडे वळते. म्हणून फुलांच्या आधी पानांचा विचार करा.

लिंबू, कढीपत्ता आणि बेलावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन अंडी घालतात. रुईवर प्लेन टायगर, बहावा आणि टाकळ्यावर एमिग्रंट, एरंडावर कॉमन कॅस्टर, आंब्यावर कॉमन बॅरन. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं ब्ल्यू मॉर्मनही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतं. कोकणात आणि सह्याद्रीलगतच्या बागांत ते अगदी अंगणात उतरतं. आणि कुंडीच्या कडेला आपोआप उगवणारी आंबुशी? तिच्यावर नखाएवढं पेल ग्रास ब्ल्यू वाढतं. तण म्हणून ती दर रविवारी उपटली, तर परसातलं सगळ्यात सहज दिसणारं फुलपाखरू आपणच घालवतो. घाणेरीला फुलपाखरं खूप येतात हे खरं, पण ती मुद्दाम लावू नका. रानंच्या रानं तिने गिळली आहेत.

पक्ष्याची शीट समजून अळी पुसून टाकणं

कढीपत्त्याचा कोवळा शेंडा सकाळच्या उजेडात जवळून बघा. मोहरीएवढं, फिकट पिवळं, गोल अंडं पानाला चिकटलेलं सापडेल. तीन-चार दिवसांत त्यातून निघणारी अळी तपकिरी असते, मध्ये पांढरा पट्टा, अंगावर ओलसर चकाकी. हुबेहूब पक्ष्याची शीट. पक्षी फसतात तशी माणसंही फसतात आणि पान धुताना तिला पाण्याबरोबर घालवतात. चार वेळा कात टाकल्यावर तीच अळी एकदम हिरवीगार होते. तिला हलकासा धक्का लागला, तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. घाबरायचं कारण नाही. ती चावत नाही, डंखही नाही. थोड्या वेळाने शिंग पुन्हा आत जातं. अंगभर केस असलेल्या सुरवंटांना मात्र हात लावू नका, खाज सुटते आणि पुरळ उठतं.

कुंडीतलं लहान रोप दोन-तीन मोठ्या अळ्या चार दिवसांत बोडकं करतात, आणि तेव्हा फवारणीचा मोह होतो. रोप मूळ धरून असेल तर ते पुन्हा फुटतं. जमल्यास दोन रोपं ठेवा, एक फोडणीसाठी आणि एक अळ्यांसाठी. एका कढीपत्त्यावरून दुसऱ्या कढीपत्त्यावर अळी खुशाल हलवा, मात्र पानासकट. चिमटीत धरून ओढू नका.

‘सेंद्रिय आहे, मग चालेल’ असं समजून निंबोळी अर्क मारणं हीही चूकच. पानावर बसलेला अर्क फुलपाखराची अळी आणि कीड यांत फरक करत नाही. चवळीवर मावा आला की दोन दिवस थांबून बघा. नारिंगी ठिपक्यांचे, लांबट, काळपट, काटेरी किडे त्या माव्यात फिरताना दिसतील. बरेच जण आधी त्यांनाच चिरडतात. ती ढालकिड्याची पिल्लं असतात आणि मावा खाऊनच ती वाढतात. खिडकीच्या कोपऱ्यातली मातीची इवलीशी मडकीही अशीच खरवडली जातात. कुंभारीण माशी त्यात आपल्या पिल्लासाठी बधिर केलेल्या अळ्या साठवते. ती माणसाच्या वाटेला सहसा जात नाही.

चुकीच्या वेळी शोधणं

भर दुपारी परसात उभं राहून काही दिसलं नाही म्हणून निराश होऊ नका. ऊन अंगावर आलं की, साधारण आठ ते अकरा, फुलपाखरं पंख पसरून शेकत बसतात. तेव्हा जवळ जाता येतं. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. पसरट ताटलीत ओली माती ठेवली तर नर त्यातले क्षार शोषायला येऊ शकतात. खोल पाणी उपयोगाचं नाही, त्यात डासच होतात. जास्त पिकलेलं केळं सावलीत ठेवून बघा, फुलांकडे न फिरकणारा कॉमन बॅरन त्यावर बसतो. संध्याकाळी पाचोळ्यातून भिरभिरत उठणारा, दिव्याजवळ येणारा तपकिरी जीव पतंग म्हणून सोडून देऊ नका. तो बहुधा इव्हिनिंग ब्राउन असतो, फुलपाखरूच. पावसाळ्यात त्याच्या पंखाखाली डोळ्यांसारखी वलयं ठळक असतात. कोरड्या ऋतूत ती जवळपास नाहीशी होतात आणि तो वाळकं पान होऊन जातो. परस रोज लख्ख झाडलं तर त्याला लपायला जागाच उरत नाही. एखाद्या कोपऱ्यात पाचोळा राहू द्या.

ओळखताना घाई

काळ्या पंखांवर लाल-पांढरे डाग दिसले की लगेच ‘कॉमन रोज’ लिहून मोकळं होऊ नका. कॉमन मॉर्मनच्या काही माद्या तिची नक्कल करतात, कारण कॉमन रोज विषारी असल्याने पक्षी तिला टाळतात. पंख सोडून शरीर बघा. कॉमन रोजचं शरीर लाल असतं, मॉर्मनचं काळं. प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी यांचंही तसंच. टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके असतात, एगफ्लायला ते नसतात.

अळी घरात वाढवताना घट्ट झाकणाची बरणी वापरू नका, आत पाणी साचतं आणि बुरशी धरते. हवा खेळणारा डबा, तळाला कागद, रोज ताजं पान आणि रोज सफाई. बाजारातल्या जुडीचा कढीपत्ता घातला आणि अळी काळी पडून मेली, तर बहुधा त्यावर औषध मारलेलं असतं. कोशाला बारीक भोक पडून आतून चिमुकल्या गांधीलमाश्या निघाल्या, तर त्यांच्या आईने त्यात आधीच अंडी घातली होती. त्यात तुमचा काही दोष नाही. कोश आपल्या हाताने कधी फोडू नका. बाहेर आलेलं फुलपाखरू लोंबकळत पंख फुलवतं, त्यासाठी त्याला काठी किंवा जाळी हवी. तेव्हा पडणारे लालसर थेंब रक्ताचे नसतात.

पकडून टाचणीने टोचून ठेवण्याचा विचार सोडून द्या. काही जाती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. फोटो काढा, पण पंखांच्या दोन्ही बाजूंचे, आणि अळी किंवा अंडं असेल तर त्या झाडाच्या पानाचा एक वेगळा. नुसत्या अळीच्या फोटोवर तासभर डोकं खाजवूनही जी जात सापडत नाही, ती बरेचदा झाड कळलं की लगेच सापडते.