सेफवर (Ceph) ऑब्जेक्ट स्टोरेज लावताय? डेटा टाकायच्या आधी एवढं ठरवा

ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणजे प्रत्येक फाईल एका नावाखाली अख्खा ऑब्जेक्ट म्हणून ठेवायची पद्धत, नेहमीची फोल्डरवाली फाईल सिस्टीम नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. इथे खरे फोल्डर नसतात, स्लॅश दिसला तरी तो नावाचाच भाग असतो, आणि एपीआयमधून (प्रोग्रॅमने स्टोरेजशी बोलायची पद्धत) फाईलचा मधलाच तुकडा बदलता येत नाही, बदल करायचा तर अख्खा ऑब्जेक्ट परत लिहायचा. फोटो, व्हिडिओ, बॅकअप, लॉग यांना मस्त. डेटाबेसच्या चालू फाईली इथे नको.

आता सेफ, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच मोठं स्टोरेज बनवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. यात साधारण प्रत्येक डिस्कमागे एक ओएसडी (त्या डिस्कवरचा डेटा सांभाळणारा प्रोग्रॅम) चालतो, कुठला ऑब्जेक्ट कुठे ठेवायचा हे क्रश अल्गोरिदम हिशोब करून काढतो, आणि ॲमेझॉनच्या एस३ स्टोरेजसारखा एपीआय रॅडोस गेटवे हा सेफचा भाग देतो. क्लस्टरची (एकत्र जोडलेल्या सर्व्हरची) स्थिती सांभाळणारे मॉनिटर ३ ठेवा, कारण त्यांचं बहुमत लागतं, २ असतील तर एक पडला की काम अडलंच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फेल्युअर डोमेन, म्हणजे एका झटक्यात बंद पडू शकणारा भाग, जसं एक डिस्क किंवा अख्खा सर्व्हर. ३ कॉपी ठेवल्या पण तिन्ही एकाच सर्व्हरच्या वेगवेगळ्या डिस्कवर गेल्या तर सर्व्हर बंद पडल्यावर त्या कॉपींचा काय उपयोग, म्हणून क्रश रूलमध्ये (कॉपी कुठे ठेवायच्या तो नियम) होस्ट, म्हणजे सर्व्हर, हीच पातळी आहे ना ते बघा. साइझ (एकूण कॉपी) ३ आणि मिन साइझ (काम चालू राहायला किमान लागणाऱ्या कॉपी) २ ठेवा, जागा वाचवायला मिन साइझ १ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने जागा वाचत नाहीच, वर एकाच कॉपीवर लिहिणं चालू राहतं आणि ती डिस्क गेली की नवा डेटा गेला.

सर्व्हर ३ च असतील तर क्लस्टर चालतो, पण एक मेला की तिसरी कॉपी बनवायला जागाच उरत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, ४ घ्या.

मग जागेचा हिशोब. ४ सर्व्हर, प्रत्येकी १२ टीबी, म्हणजे कच्ची जागा ४८ टीबी, ३ कॉपी धरून १६. पण एक सर्व्हर गेला की त्याचा डेटा उरलेल्या तिघांत मावला पाहिजे, म्हणजे हिशोब ३६ भागिले ३, १२ टीबीचाच, आणि ८५ टक्क्यांना सेफ निअरफुलची (जागा भरत आल्याची) वॉर्निंग द्यायला लागतो, ९५ ला तर लिहिणंच थांबवतो, त्यामुळे खरी वापरायची जागा १० टीबीच्या आसपासच धरा!

इरेजर कोडिंगने (पूर्ण कॉपींऐवजी डेटाचे तुकडे आणि हरवलेले तुकडे परत मिळवायला जादा तुकडे ठेवायची पद्धत) जागा वाचते, ४+२ ला, म्हणजे ४ तुकडे डेटाचे आणि २ जादा, दीडपटच कच्ची जागा लागते, पण होस्ट पातळीवर किमान ६ सर्व्हर हवेत आणि एक गेल्यावर स्वतःहून सावरायला ७. हे ४+२ चे आकडे पूल (एकाच सेटिंगने डेटा ठेवायचा सेफमधला कप्पा) बनवल्यावर बदलता येत नाहीत, नवा पूल करून सगळा डेटा हलवावा लागतो.

मोठ्या फाईली मल्टिपार्टने (तुकडे करून) चढवा, आणि अर्धवट राहिलेले अपलोड काही दिवसांनी काढून टाकणारा लाइफसायकल रूल पहिल्याच दिवशी लावा, नाहीतर ते तुकडे यादीत दिसत नाहीत आणि जागा मात्र खात राहतात. चुकून केलेलं डिलीट सगळ्या कॉपींवर होतं, त्यामुळे व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपणं) चालू ठेवा आणि बॅकअप वेगळा घ्या.

शेवटी टेस्ट. थोडा डेटा भरा, एका सर्व्हरची पॉवर काढा आणि बघत बसा. साधारण १० मिनिटांनी त्याचे ओएसडी आउट होतात (सेफ त्यांना हिशोबातून काढतो) आणि कॉपी परत बनायला लागतात, तेव्हा ॲपचा स्पीड किती पडतो ते मोजून ठेवा. नुसता रीस्टार्ट करायचा असेल तर आधी नोआउट फ्लॅग (ओएसडी आउट करू नको अशी खूण) लावा आणि काम झालं की आठवणीने काढा.