माती ओली, तरी आंब्याचं नवं कलम मलूल: माझा अनुभव

खारघर, घरामागचं अंगण. जूनमध्ये लावलेलं केसरचं कलम ऑगस्टमध्ये माना टाकू लागलं. पानं पिवळी, पालवीची टोकं काळी, माती मात्र ओलीच. युरिया, कडुनिंबाचं तेल, जास्तीचं पाणी, सगळं करून झालं. पाण्याने तर आणखी बिघडलं. सहा आठवडे नुसता वैताग.

शेवटी नखाने साल खरवडली. आत हिरवी, म्हणजे जीव होता. शेजारी फूटभर खड्डा करून पाण्याने भरला. सकाळी पाणी बरंचसं तसंच! भरावाची चिकण माती, निचरा नाही. शिवाय कलमाचा जोड (खालचं रोप आणि वरची केसरची फांदी जुळते ती जागा) चार बोटं मातीत गाडलेला.

पाऊस उघडल्यावर एका संध्याकाळी कलम गड्ड्यासकट उचललं. मुळं पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेली (पिशवी फाडली, पण मुळं सोडवली नव्हती, चूक माझीच). काळी, कुजका वास येणारी मुळं स्वच्छ कात्रीने कापली, बाकीची हलक्या हाताने मोकळी केली. मग फूटभर उंचवटा करून त्यावर जोड मातीच्या वर राहील असं लावलं. सुक्या पानांचं आच्छादन, पण खोडापासून वीतभर लांब. खत अजिबात नाही. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी.

पाचव्या आठवड्यात तांबूस पालवी फुटली.