एचडी शूटिंग डिस्कवर मारायचंय? मग आधी सेटिंग नीट बघा

शूटिंग एक नंबर झालेलं असतंय, एडिटिंग पण झकास, आणि डिस्क टीव्हीला लावली की चित्राचे चौकोन पडतात, नाहीतर प्लेअर डिस्क आतच घेत नाही. मग कॅमेऱ्याला शिव्या. बहुतेक वेळा कॅमेऱ्याची काही चूक नसती, एक्सपोर्ट करताना सगळे आकडे मॅक्सिममला नेऊन ठेवलेले असतात एवढंच. सेटिंग ठरवायची सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नका, जिथं डिस्क लागणार त्या प्लेअरपासून उलटं मागं या.

१. आधी विचारा, लावणार कशावर?

गडहिंग्लजच्या मामांकडं साधा डीव्हीडी प्लेअर असेल तर विषय संपला, डीव्हीडीच द्यायची, आणि डीव्हीडी म्हणजे ७२० बाय ५७६. तुम्ही फोरकेमध्ये शूट करा नाहीतर आणि कशात, डीव्हीडी व्हिडिओत एचडी बसत नाही. "एचडी डीव्हीडी करून देतो" असं कोण म्हणत असेल तर हसून सोडून द्या, त्या नावाचा वेगळा फॉरमॅट खरंच होता पण तोशिबानं तो २००८ मध्येच गुंडाळला.

खरी एचडी पाहिजे तर ब्लू-रे. एका लेअरची २५ जीबी, दोन लेअरची ५० जीबी. राइटर पण ब्लू-रेचा लागतो आणि समोर प्लेअर पण.

मधला एक जुगाड आहे, एव्हीसीएचडी डिस्क. साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीवरच एचडी फाइल ब्लू-रेसारख्या फोल्डरमध्ये टाकायची. १६ एमबीपीएसच्या (सेकंदाला १६ मेगाबिट) आसपास ठेवलं की अर्धा-पाऊण तास बसतो, बारशाला पुरे. पण ही फक्त ब्लू-रे प्लेअरवर चालती, ते पण त्याच्यावर एव्हीसीएचडी लिहिलेलं असेल तर. साध्या डीव्हीडी प्लेअरला ती कळतच नाही.

२. फ्रेम रेट

आपल्याकडं लाइट ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेरा २५ किंवा ५० वर आणि शटर १/५० ठेवलं की हॉलमधल्या ट्यूब आणि बल्ब फडफडत नाहीत. ब्लू-रेच्या नियमात १०८० ओळींच्या चित्राला ५० आय (सेकंदाला ५० अर्धी चित्रं) बसतंय, २४ पी (सेकंदाला २४ पूर्ण चित्रं) बसतंय, पण २५ पी नावाचं काही तिथं नाही. घाबरायचं कारण नाही, २५ पी चं फुटेज ५० आय म्हणून एक्सपोर्ट करा, चित्रात काही फरक पडत नाही. १०८० ला ५० पी शूट केलं असेल तर ते पण ५० आय करा, हालचाल तशीच गुळगुळीत राहती. ५० पी च पाहिजे असा हट्ट असेल तर ७२० वर या, तिथं चालतंय.

मोबाइलचं फुटेज बहुतेक वेळा ३० चं असतंय, ते ओढूनताणून २५ करू नका, वरात चालताना धक्के खाल्ल्यासारखी दिसती. सगळंच ३० चं असेल तर डिस्क २९.९७ वर बनवा, ब्लू-रेला ५९.९४ आय आणि डीव्हीडीला एनटीएससी (अमेरिकेकडची टीव्ही पद्धत), ७२० बाय ४८०. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही खातात. आणि मोबाइलवाल्या भावाला आधीच सांगा एचडीआर बंद ठेव म्हणून, नाहीतर नवरीचा शालू डिस्कवर धुऊन विटल्यासारखा दिसतो.

३. बिटरेट, खरी मारामारी इथंच

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडिओला किती डेटा द्यायचा ते. हिशोब सोपा आहे. डिस्कचे जीबी गुणिले ८०००, भागिले एकूण सेकंद, जे येईल ते एमबीपीएस. त्यातनं ऑडिओ वजा करायचा आणि वर पाचेक टक्के हवा सोडायची, कारण मेनू पण बसवायचा असतो आणि डिस्क पार कडेपर्यंत भरली की शेवटी अडकायची शक्यता वाढती.

आता लग्न अडीच तासाचं धरा, म्हणजे ९००० सेकंद. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर एकूण ४.२ च्या आसपास येतंय, ऑडिओ काढून, हवा सोडून हातात राहतंय ३.७. डीव्हीडीच्या एमपेग-२ कॉम्प्रेशनला एवढ्यात भागत नाही. स्टेजवर बसलेली माणसं ठीक दिसतील, पण मंगलाष्टका संपून अक्षता पडायला लागल्या की बघा. हजारभर दाणे हवेत, प्रत्येकाची दिशा वेगळी, त्यात फोटोवाल्यांचे फ्लॅश, मागं एलईडी वॉल चालू, म्हणजे प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमपेक्षा पार वेगळी. एन्कोडर जुन्या फ्रेममधनं जेवढं उचलता येईल तेवढं उचलून जागा वाचवत असतो, इथं त्याला उचलायलाच काही मिळत नाही, आणि नेमक्या त्या क्षणी नवरा-नवरीच्या तोंडावर चौकोन पडतात. सगळं घर तोच भाग परत परत लावून बघणार असतंय.

म्हणून अडीच तास एका डीव्हीडीत कोंबू नका. दोन डिस्क करा, विधी एकात आणि रिसेप्शन एकात. ८.५ जीबीची ड्युअल लेअर पण आहे, तिच्यावर ६.९ पर्यंत मिळतंय, पण जुने प्लेअर लेअर बदलताना कुरकुर करतात, मी तरी दोन डिस्कच सांगीन. तोच कार्यक्रम २५ जीबीच्या ब्लू-रेवर टाकला तर २० एमबीपीएस आरामात मिळतंय आणि तिथल्या एच.२६४ कॉम्प्रेशनला तेवढं लय झालं.

सीबीआर (सगळीकडं सारखाच बिटरेट) ठेवू नका, टू पास व्हीबीआर (गरजेप्रमाणं कमी-जास्त होणारा, दोन फेऱ्यांचा) घ्या. वेळ जास्त खातो, रात्री लावून झोपा. पहिल्या फेरीत तो कुठं गर्दी आहे ते बघून ठेवतो आणि दुसऱ्या फेरीत शांत भागातले बिट वाचवून अक्षतांना देतो. डीव्हीडीचा नियम ९.८ पर्यंत परवानगी देतो पण घरी राइट केलेल्या डिस्कला मॅक्सिमम ८ च ठेवा, प्लेअरची जुनी लेन्स त्याच्यावर गेली की अडखळती. ब्लू-रेला वरची हद्द ४० ची, तिथं पण ३० ते ३५ च्या वर जायचं कारण नाही.

फूटबॉलचं गणित वेगळं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची मॅच म्हणजे कॅमेरा सतत फिरतोय, गवत सगळ्या फ्रेमभर, तिथं बिटरेटला कंजूषपणा चालत नाही. दीड तासाची मॅच ३० एमबीपीएसला साधारण २० जीबी होती, एका ब्लू-रेत निवांत बसती. आणि ही मात्र ५० आय च ठेवा, २५ पी केली की किक मारलेला बॉल तुटक तुटक दिसतो.

४. बारीकसारीक, पण नडणारं

फील्ड ऑर्डर, म्हणजे आय मधलं कुठलं अर्धं चित्र आधी, ती एचडीला अप्पर फर्स्ट. उलटं झालं की हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरती. डीव्हीडीला १६:९ निवडायला विसरू नका, नाहीतर सगळं वऱ्हाड उभट आणि बारीक दिसतंय (काही पाहुण्यांना ते आवडेल पण). ब्लू-रेचं प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, की-फ्रेम (पूर्ण चित्र साठवलेली फ्रेम) दर सेकंदाला एक, म्हणजे दर २५ फ्रेमला. एडिटिंगच्या प्रीमियर सॉफ्टवेअरमध्ये ब्लू-रेचा प्रीसेट घेतला की बरंचसं आपोआप लागतंय, एडियसमध्ये तर डिस्क बर्न करायची सोय आतच आहे.

ऑडिओ एएसी असेल तर डिस्कला चालत नाही, मोबाइलचा बहुतेक तोच असतो. एसी-३ (डॉल्बीचा फॉरमॅट) करा, ४८ किलोहर्ट्झ, डीव्हीडीला २२४ किंवा २५६ केबीपीएस आणि ब्लू-रेला ४४८ पर्यंत. डीव्हीडीवर पीसीएम (न दाबलेला आवाज) ठेवला तर दीड एमबीपीएस नुसता आवाजच खातो.

५. राइट करताना

थेट डिस्कवर मारू नका. आधी फोल्डर नाहीतर आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवा, व्हीएलसीत उघडून अक्षता, वरात आणि शेवटची पाच मिनिटं बघा. फुकटातलं पाहिजे तर डीव्हीडीला डीव्हीडीस्टायलर, ब्लू-रे फोल्डरला टीएसमक्सर आणि राइट करायला इमजीबर्न. पहिली कॉपी रीराइटेबल डिस्कवर काढून खऱ्या प्लेअरवर लावून बघा, मग बाकीच्या काढा. स्पीड डीव्हीडीला ८ एक्स, ब्लू-रेला ४ एक्स, व्हेरिफायची टिक चालू. नवरा-नवरीच्या फोटोचं कागदी स्टिकर डिस्कवर चिकटवू नका, डिस्क फिरताना एका बाजूला ओढती आणि उन्हाळ्यात कड सुटली तर प्लेअरमध्येच अडकती. प्रिंटेबल डिस्क घ्या नाहीतर सीडी मार्करनं लिहा.

पुण्याला राहणाऱ्या पोराकडं प्लेअरच नसतो, त्याला तीच फाइल एमपी४ करून पेनड्राइव्हवर द्या. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तो घेत नाही. एक्सफॅट करा, आणि पोराचा टीव्ही जुना असून एक्सफॅट वाचत नसेल तर फॅट३२ च ठेवून फाइलचे तुकडे करून द्या.