समोर ऑर्केस्ट्रा वाजत असताना टँगो कसा नाचावा

आठ-दहा महिने टँगोच्या वर्गाला जाऊन आलेली माणसं पहिल्यांदा खऱ्या ऑर्केस्ट्रापुढे नाचायला उभी राहिली की हमखास गडबडतात. वर्गात सगळं रेकॉर्डवर चालतं, आणि त्या रेकॉर्डी बहुतेक १९३५ ते १९५५ या काळातल्या. ऐकून ऐकून त्या पाठ होतात. कुठे थांबायचं, कुठे वळायचं हे मग कान सांगत नाही, आठवण सांगते. समोरचा ऑर्केस्ट्रा त्याच गाण्यात भलत्याच जागी श्वास घेतो आणि पाय पुढे निघून जातात.

अशा वेळी लोक आणखी स्टेप्स शिकायला धावतात. माझं मत उलटं आहे: स्टेप्स कमी करा, चालणं आणि ऐकणं पक्कं करा. ऑर्केस्ट्रावर नाचण्याची सगळी तयारी याच दोन गोष्टींत येते.

हे सगळं सोशल टँगोबद्दल आहे, म्हणजे अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समध्ये साधी माणसं संध्याकाळी भेटून नाचतात त्याबद्दल. तिथे दर ऑगस्टमध्ये टँगोची जागतिक स्पर्धा होते. तिच्यातही दोन वेगळे गट असतात, एक फ्लोअरवरच्या टँगोचा आणि एक रंगमंचावरच्या. हवेत पाय उडवणं दुसऱ्या गटात. आपल्याला पहिल्याशी काम आहे.

पायरी १: आधी कान

टँगोच्या पारंपरिक ऑर्केस्ट्रात बांदोनेऑन (भात्याचं, बटणांचं वाद्य), व्हायोलिनं, पियानो आणि डबल बास असतात. ढोल-ताशा सोडाच, साधा ड्रमही नसतो. ताल हीच वाद्यं आपापसात वाटून घेतात. तबल्यावर समेची वाट पाहायची सवय असलेल्या आपल्या कानाला सुरुवातीला पायाखालून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. म्हणून पहिले काही आठवडे नाचण्याइतकाच वेळ ऐकायला द्या.

कुठून सुरुवात करायची? हुआन दारिएन्सो या ऑर्केस्ट्राप्रमुखापासून. त्याला ‘लयीचा राजा’ म्हणत. १९३५ च्या अखेरीस रोदोल्फो बियाजी त्याच्याकडे पियानोवर आला आणि ऑर्केस्ट्रा एकदम टोकदार झाला. दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत बियाजी पियानोची छोटीशी टिचकी मारतो. ती ऐकू यायला लागली की ओळ कुठे संपली हे आपोआप कळतं.

दारिएन्सो अंगवळणी पडला की कार्लोस दि सार्ली ऐका, विशेषतः त्याची १९५० च्या दशकातली गायकाशिवायची रेकॉर्डिंग. संथ, भरदार, लांब पावलांचं संगीत. चालायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. आनिबाल त्रोइलो तिसरा, कारण त्याच्याकडे गायक आणि ऑर्केस्ट्रा दोघेही तितकंच बोलतात आणि कोणाच्या मागे जायचं हे तुम्हाला ठरवावं लागतं. ओस्वाल्दो पुग्लिएसेला सर्वांत शेवटी ठेवा. तो लय ताणतो, सोडतो, पुन्हा धरतो. नवशिक्यांना त्यावर नाचायची फार हौस असते, पण तालाचा पाया नसताना पुग्लिएसेवर नाचणं म्हणजे नुसतं नाटकी थांबणं होतं.

ऐकताना करायचा सराव सोपा आहे. घराच्या पॅसेजमध्ये जड ठोक्यांवर एकेक पाऊल टाकत चाला आणि मोजा. सहसा सोळा पावलांना संगीताचं एक वाक्य पुरं होतं, आठव्याला मध्ये स्वल्पविराम येतो. सोळाव्याला दोन्ही पाय जुळवून थांबा, पुढचं वाक्य सुरू झालं की निघा. हे न मोजता जमायला लागलं की अनोळखी गाणंसुद्धा अर्धं ओळखीचं होतं. गाण्याच्या शेवटी दोन सूर येतात, ‘चान-चान’. दारिएन्सोकडे दोन्ही खणखणीत. पुग्लिएसेकडे दुसरा उशिरा आणि इतका हळू येतो की घाई करणारे आधीच हात सोडून मोकळे झालेले असतात.

पायरी २: मिठी आणि चाल

लीडर आणि फॉलोअर समोरासमोर उभे राहतात. लीडरचा उजवा हात फॉलोअरच्या पाठीवर, दुसरे हात हातात. भार आपापल्या पायावर. जोडीदारावर रेलायचं नाही की लोंबकळायचं नाही. पुढे जायचं असेल तर लीडरची छाती आधी जाते, पाय नंतर. हाताने ढकलून वळवणारा लीडर पहिल्या मिनिटाला ओळखू येतो.

चालताना एका पायावरचा भार पूर्ण दुसऱ्यावर न्यायचा. अर्धा इकडे अर्धा तिकडे ठेवला की फॉलोअरला कळत नाही कोणता पाय मोकळा आहे, आणि बहुतेक पाय तुडवले जातात ते यामुळे. फॉलोअरसाठी एकच मोठी सूचना: पुढचं पाऊल ओळखून आधीच टाकू नका. लीडर थांबला तर तुम्हीही थांबा. त्या थांबण्यात पायाने काय करायचं ते तुमचं स्वातंत्र्य.

चालणं, भार बदलणं, बाजूचं पाऊल, क्रूसादा (फॉलोअरचे पाय एकमेकांवर येतात ती जागा), पुढचा-मागचा ओचो (इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणं) आणि एक साधा अर्धा गिरो (जोडीदाराभोवती फिरणं). ऑर्केस्ट्रावर अख्खी रात्र नाचायला एवढं भांडवल पुरतं. गांचो (जोडीदाराच्या पायात पाय अडकवणं) आणि उंच बोलेओ (पाय झोकून उडवणं) गर्दीच्या फ्लोअरवर धोकादायक असतात, टाचेची टोकं पोटरीला लागतात. ते घरी ठेवा.

बूट चामड्याच्या तळाचे असले तर पाय सहज वळतो. रबरी सोलवर गुडघ्याची वाट लागते. उंच टाचा सक्तीच्या नाहीत.

पायरी ३: मिलोंगाचे रीतिरिवाज

नाचाच्या बैठकीला मिलोंगा म्हणतात. याच नावाचा एक जलद संगीतप्रकारही आहे, त्याचा गोंधळ होऊ देऊ नका. मिलोंगाला जाण्याआधी प्राक्तिकाला, म्हणजे सरावाच्या बैठकीला जा. तिथे थांबून बोलायला, चुका दुरुस्त करायला मुभा असते. मिलोंगात शिकवणं असभ्य समजतात, न विचारता तर नक्कीच.

संगीत तांद्यांत वाजतं. एका तांद्यात एकाच ऑर्केस्ट्राची तीन-चार गाणी असतात. मग कोर्तिना, म्हणजे नाचायचं नसलेलं काहीतरी अर्धा-एक मिनिट, आणि फ्लोअर रिकामा होतो. एका जोडीदाराबरोबर पूर्ण तांदा नाचायचा. मध्येच ‘थँक्यू’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘पुरे झालं’ असा घेतात, त्यामुळे सौजन्य म्हणून उगाच बोलू नका!

विचारायचं ते नजरेने. दुरून नजर मिळवायची, मान किंचित हलवायची, समोरून होकार आला की उठायचं. नको असेल तर समोरचा नजर दुसरीकडे वळवतो आणि कोणाचाच अपमान होत नाही. आपल्याकडच्या संकोची माणसाला ही पद्धत फार सोयीची आहे. अडचण चष्मेवाल्यांची. चष्मा काढून गेलात तर रात्रभर बसून राहाल.

फ्लोअरवर सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. आत शिरताना येणाऱ्या लीडरशी नजरानजर करून मगच शिरा. पुढच्याला ओलांडू नका, मागे पाऊल टाकू नका, फार वेळ एका जागी अडून राहू नका.

पायरी ४: ऑर्केस्ट्राची रात्र

आता मुख्य भाग. ऑर्केस्ट्रा असलेल्या मिलोंगात आधी रेकॉर्डवर नाच होतो, मध्यरात्रीच्या आसपास वादक येतात, एक-दोन सत्रं वाजवतात आणि पुन्हा रेकॉर्ड सुरू होते.

बसताना अशी जागा निवडा की बांदोनेऑनवाले दिसतील. हे वाद्य मुळात जर्मनीत बनलं, मांडीवर ठेवून वाजवतात आणि त्याच्या पेटीला ७१ बटणं असतात. टँगोतले वादक जोरकस ओळ बहुतेक भाता उघडताना वाजवतात. उघडलेला भाता गुडघ्यावरून दोन्ही बाजूंना खाली ओघळतो. मग उजव्या अंगठ्याने हवेची झडप दाबून एका झटक्यात तो मिटवतात, त्याचा श्वासासारखा आवाज होतो आणि पुढचं वाक्य सुरू होतं. हे पाच मिनिटं नीट पाहिलं तर ओळ संपतेय हे कान सांगायच्या आधी डोळ्याला कळतं. पुष्कळदा वेगळा कंडक्टर नसतो. पियानोवाल्याची किंवा पहिल्या बांदोनेऑनची मान हीच खूण.

पहिलं गाणं बसून ऐका. वादकांचा मान राहतो हा एक भाग झाला. खरा फायदा असा की आज लय किती ताणणार, गायकाला किती मोकळीक देणार, ऑर्केस्ट्रा कोणाच्या वळणाचा आहे, हे त्या तीन मिनिटांत समजतं. दारिएन्सोच्या वळणाचा असेल तर छोटी, चटपटीत पावलं. दि सार्लीच्या वळणाचा असेल तर लांब चाल. पुग्लिएसेच्या वळणाचा असेल तर जड ठोक्याच्या किंचित आधी डबल बास आणि बांदोनेऑन सूर ओढत आणतात, ती ओढ लाकडी फ्लोअरमधून तळव्याला जाणवते. ओढ सुरू असताना भार हलवायला लागायचं आणि ठोक्यावर पोचायचं. रेकॉर्डवर हे कळायला वर्ष लागतं, समोर वाजत असताना एका गाण्यात कळतं.

इथे कोर्तिना नसते, त्यामुळे तांदा कुठे सुरू आणि कुठे संपला हे धूसर होतं. गायक माइकवर पुढची गाणी सांगतो, तेव्हा कान द्या. टँगोमागून अचानक वाल्स (तीन मात्रांचा प्रकार) किंवा जलद मिलोंगा येऊ शकते. ज्या जोडीदाराबरोबर तिन्ही प्रकार निभावतील असा जोडीदार बघून ठेवा. काही रचना नुसत्या ऐकण्यासाठी वाजवतात. फ्लोअरवर कोणी उठत नाही असं दिसलं तर तुम्हीही बसा.

गाणं सुरू झाल्या झाल्या पाऊल टाकू नका. ब्युनोस आयर्समध्ये लोक पहिले वीस-तीस सेकंद मिठी न धरता चक्क गप्पा मारतात. पाहुण्याला हे बेपर्वाईचं वाटतं, पण त्याच वेळात कान लय पकडून घेतो. मग फ्लोअर हळूहळू हलतो.

गर्दी नेहमीपेक्षा जास्त असणार, हे धरून चाला. सगळे ऑर्केस्ट्राच्या जवळ सरकतात, त्यामुळे स्टेजपुढे कोंडी होते आणि फ्लोअरचं मागचं टोक मोकळं राहतं. चालायचं असेल तर मागे जा. वाजणं बघायचं असेल तर कोंडीत राहा आणि जागेवरच भार बदलत नाचा. तो नाच कमी दर्जाचा नसतो.

ऑर्केस्ट्राने लय ओढून धरली आणि तुमचं पाऊल अर्ध्यात अडकलं तर काय? दोन्ही पाय जुळवा, श्वास घ्या, पुढच्या वाक्याला निघा. ताल चुकला म्हणून घाईघाईने भरून काढणारी जोडी दुप्पट चुकते. गायक सुरू झाला की पियानो-बासचा ठोका पायात ठेवा आणि गायकाची ओळ मिठीत, म्हणजे वळण्याच्या वेगात आणि थांबण्यात. दोन्ही पायांनीच करायला गेलात तर धांदल उडेल.

प्रत्येक गाण्यानंतर स्टेजकडे तोंड करून टाळ्या वाजवा. फोन वर धरून मध्येच उभे राहू नका, मागची रांग अडते.

पायरी ५: कुठे जायचं

मुंबई-पुण्यात टँगोचे वर्ग आणि मिलोंगा चालतात, पण पूर्ण ऑर्केस्ट्रा क्वचितच कानावर पडतो. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींचं बरं आहे, तिथल्या मोठ्या शहरांत दौऱ्यावरचे ऑर्केस्ट्रा येत असतात. नाचणाऱ्यांसाठी वाजवणाऱ्यांत सेक्स्तेतो मिलोंगेरो, रोमान्तिका मिलोंगेरा आणि दारिएन्सोची शैली चालवणारा ला हुआन दारिएन्सो ही नावं लक्षात ठेवा. ओर्केस्ता तिपिका फर्नांदेस फिएरो जबरदस्त आहे, पण तो बसून ऐकायचा.

ब्युनोस आयर्सला जाणार असाल तर पहिल्या संध्याकाळी बारांकास दे बेलग्रानो बागेतल्या ला ग्लोरिएता या उघड्या मंडपात जाऊन फक्त बघा. मग पालेर्मो भागातलं सालोन कानिंग किंवा ला विरुता. आयोजक तुम्हाला टेबल दाखवतात, एकट्याने जाणाऱ्याला वेगळं आणि जोडीला वेगळं. जोडीने एकत्र बसलात तर तुम्हाला दुसरं कोणी नजरेने विचारणार नाही, तेव्हा काय हवं ते दारातच सांगा.

‘ला कुम्पार्सिता’ वाजली की रात्रीचं शेवटचं गाणं, हा जवळपास सगळीकडचा संकेत आहे. शेवटचं कोणाबरोबर नाचायचं ते त्याआधीच ठरवून ठेवा. वेळापत्रकं सतत बदलतात, म्हणून त्याच दिवशी आयोजकांकडून खात्री करून घ्या. ऑर्केस्ट्रा बाराला म्हटला तर एक धरून चाला, आणि दुपारी तासभर झोप काढा.