विमानाच्या इंजिनाची देखभाल: रोजच्या कामातल्या या चुका टाळा

मिहान या औद्योगिक प्रकल्पातल्या एमआरओमुळे (विमान-देखभाल केंद्रामुळे) २०१५पासून नागपुरात मोठ्या विमानांची देखभाल होते, आणि विदर्भातली बरीच पोरं एएमईचा (विमान देखभाल अभियंत्याचा) अभ्यास करून त्या हँगरमध्ये उभं राहण्याची स्वप्नं बघतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं ठाम मत आहे की अवघड कामात चूक क्वचितच होते. टर्बाइन उघडलेली असताना सगळे दक्ष असतात, मॅन्युअल समोर असतं, इन्स्पेक्टर शेजारी असतो. घात होतो तो हातवळणी पडलेल्या कामात.

सगळ्यात आधी ओ-रिंग. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं एल-१०११ विमान मायामीहून नासाऊला निघालं. त्याआधी रात्रीच्या शिफ्टमध्ये तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते. तेलात आलेला धातूचा कीस पकडणारा हा लोहचुंबकी प्लग. तेल गळू नये म्हणून त्यावर रबरी ओ-रिंग लागतात. एरवी हे प्लग रिंगा चढवलेले, तयारच हातात मिळायचे. त्या रात्री नेहमीच्या जागी एकही नव्हता, म्हणून स्टोअरमधून आणले. ते बिनरिंगचे होते, आणि तसेच बसवले गेले. इंजिन काही सेकंद फिरवून गळती पाहिली, पण तेवढ्या वेळात तेल बाहेर यायला पुरेसा दाबच तयार झाला नाही. हवेत एक इंजिन बंद करावं लागलं, मग उरलेली दोन्हीही बंद पडली. समुद्र जेमतेम ४,००० फुटांवर असताना पहिलं बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि १७२ जण वाचले.

टास्क कार्डवर (करायच्या कामांच्या यादीवर) ओ-रिंगचा उल्लेख होता आणि त्यापुढे सहीसुद्धा होती. म्हणून सांगतो, पार्ट हातात आला की तो आठवणीशी ताडू नका, मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडा. जुनी रिंग काढली, तर ती नव्या रिंगेशेजारी ठेवून मोजा. जुनी सापडत नसेल तर ती आतच चिकटलेली असू शकते. रिंग कोरडी चढवू नका, सांगितलेलं तेल लावा, पिळली गेली नाही ना ते बघा. गळतीची चाचणी सांगितलेला पूर्ण वेळ करा. आणि एकाच माणसाने एकाच शिफ्टमध्ये दोन्ही इंजिनांवर तेच काम करू नये. लांब पल्ल्याच्या समुद्रावरच्या उड्डाणांसाठी हा नियमच आहे. माझ्या मते नागपूर-मुंबईच्या विमानालाही तो पाळावा, कारण चुकीची सवय दोन्ही इंजिनांवर सारखीच उमटते.

दुसरी जागा म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. २४ मे २०१३ रोजी हीथ्रोवर ब्रिटिश एअरवेजच्या ए३१९ विमानाच्या दोन्ही इंजिनांचे फॅन काउल, म्हणजे इंजिनावरची उघडता येणारी झाकणं, उड्डाणाच्या वेळीच निखळून पडले. एका इंजिनाची इंधनवाहिनी फुटून आग लागली, तरी विमान सुखरूप परतलं. रात्री काम मधेच थांबवून तंत्रज्ञ गेले होते, परत आले ते भलत्याच विमानाकडे. तिथले काउल बंद दिसले, तेव्हा कोणीतरी लावले असतील असं त्यांनी धरलं, आणि मूळ विमान काउल न लावताच उडालं.

हे काउलचे लॅच (कड्या) इंजिनाच्या अगदी पोटाखाली असतात. उभ्याने ते दिसत नाहीत. नवतपात, भर दुपारी सोनेगाव विमानतळाच्या एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) हात टेकवत नाही, तेव्हा खाली वाकायचा कंटाळा येणं साहजिक आहे. तरी गुडघ्यावर बसा, टॉर्च मारा, प्रत्येक लॅच पृष्ठभागाशी सपाट बसलाय का ते बोट फिरवून पाहा. काम मधेच सुटलं असेल तर आधी विमानाचा नोंदणी क्रमांक वाचा आणि तीन पायऱ्या मागे जाऊन सुरुवात करा. पुढच्या शिफ्टला दिलेल्या हँडओव्हरमध्ये काय झालं यापेक्षा काय राहिलं ते लिहा. “सर, सगळं झालंय, फक्त तुमची सही हवी,” असं कोणी म्हटलं तरी पेन काढण्याआधी टॉर्च काढा.

हत्यारांची मोजणीही तशीच. २०२३च्या अखेरीस क्वांटासच्या ए३८०च्या एका इंजिनात १.२५ मीटर लांबीचं नायलॉनचं हत्यार राहून गेलं. बोअरस्कोप तपासणीत (नळीच्या कॅमेऱ्याने आतून पाहताना) इंजिनाचा रोटर हाताने फिरवायला ते वापरलं होतं. त्यानंतर विमानाने ३४ फेऱ्या केल्या. हत्यार सापडत नसल्याचं कळलं होतं, तरी शोध पूर्ण न करताच विमान सोडलं गेलं. एक पाना जरी कमी भरला तर विमान थांबवा, उशिराचं स्पष्टीकरण नंतर देता येतं.

आता काही बारीकसारीक गोष्टी. हॉट सेक्शनच्या (इंजिनाच्या तापणाऱ्या विभागाच्या) भागांवर शिसपेन्सिलीने खूण करू नका. उष्णतेत तिचा कार्बन धातूत शिरतो आणि तिथून तडा जाऊ शकतो, मंजूर मार्करच वापरा. इंजिन बंद झाल्यावर तेल किती मिनिटांत मोजायचं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. उशीर केला तर टाकीतलं तेल खाली गिअरबॉक्सकडे उतरतं, पातळी कमी दिसते आणि माणूस जास्तीचं तेल ओततो. बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधतात त्या सेफ्टी वायरचा ओढा बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनेच हवा. ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणाऱ्या टॉर्क रेंचला पुढे लांबीचा जोड लावला की आकडा बदलतो, तो हिशेब करूनच सेट करा, आणि काम झालं की रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून पेटीत ठेवा.