मुलांचा पहिला क्लास लावताना या चुका टाळा

जुलै २०२५ मध्ये आमच्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकली आणि आठवडाभरात आमच्या त्रिमूर्तीनगरच्या इमारतीतली तीन मुलं बुद्धिबळाला लागली. त्यातला थोरला पाच वर्षांचा. दिव्या मात्र बुद्धिबळ शिकायला म्हणून घरातून निघालीच नव्हती! मोठी बहीण बॅडमिंटनला जायची, तिच्यामागे ही. हिचा हात जाळीपर्यंत पुरेना, म्हणून तिथेच चालणाऱ्या बुद्धिबळाच्या क्लासला बसवली. बातमी वाचून क्लास लावणाऱ्यांना हा भाग कोणी सांगत नाही.

आधी फी, मग सामान, मग मूल

ही चूक माझी स्वतःची. लेक साडेचार वर्षांची होती. वर्षाची फी एकदम भरली तर दोन महिने फुकट, असं स्केटिंगवाल्यांनी सांगितलं आणि मी भरली. सीताबर्डीवरून स्केट्स, हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, सगळं आणलं. तिसऱ्या आठवड्यात रडारड सुरू. "मला नाही जायचं." आम्ही म्हटलं, शिस्त लागली पाहिजे. सासूबाई म्हणाल्या, "काऊन रडवून राहिली पोरीला?" मी ऐकलं नाही.

कारण कळलं तेव्हा दोन महिने गेले होते. शाळेतून आल्यावर ती तीनला झोपायची आणि पाचच्या क्लाससाठी आम्ही तिला साडेचारला गाढ झोपेतून उचलायचो. स्केटिंगशी तिचं काही वाकडं नव्हतंच. पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत.

तेव्हा क्लास कोणता हे नंतर ठरवा. मूल दिवसातून कोणत्या वेळी ताजंतवानं असतं, ते आधी आठवडाभर बघा. फी महिन्याची भरा, महाग पडली तरी. सामान पहिले दोन महिने मागून आणा, नाहीतर क्लासचंच वापरा. स्केट्स, रॅकेट, कीबोर्ड, सगळं कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर पडलेलं असतंच.

"नाही जायचं" म्हणजे नेमकं काय

दारात रडतं, पण बाहेर येताना बडबडत येतं, अशा मुलाला तीन-चार आठवडे द्या. ते रडणं आईला सोडण्याचं असतं. आदल्या रात्रीपासून पोट दुखायला लागलं तर मात्र शोध घ्या. भूक, घट्ट बूट, सरांचा चढा आवाज, मोठ्या मुलांची दादागिरी. शेजारचा मुलगा कराटेला जायला तयार होईना. बरेच दिवसांनी कळलं, पँटच्या नाडीची गाठ त्याला सुटत नव्हती आणि शू लागली तर काय, या धास्तीने तो गारठायचा. आईने नाडीच्या जागी इलॅस्टिक घातलं. आता सुट्टीच्या दिवशीही तो कपडे घालून तयार असतो.

आपलं ऊन विसरणं

इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणूनच विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. तरी एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला सिमेंटच्या कोर्टावर बॅच असतात, बाप्पा! उन्हाळ्यात मैदानी काही असेल तर सकाळी सहा ते आठ, नाहीतर पोहणं किंवा छताखालचं. जूनअखेर शाळा सुरू होते, तेव्हाही थांबा. पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्या मुलाला नवी शाळा आणि नवा क्लास एकाच महिन्यात झेपत नाही. मैदानासाठी आपल्याकडे दिवाळीनंतरचे तीन-चार महिने सोन्यासारखे.

अंतराचंही तेच. शहराच्या टोकाच्या बेसाहून थेट धरमपेठेला फक्त "उत्तम गुरू" म्हणून नेऊ नका. चाळीस मिनिटांच्या क्लाससाठी येऊन-जाऊन दीड तास, आणि परतताना स्कूटीवर पेंगणारं मूल. पाच वर्षांच्या मुलाला गल्लीतली ताई पुरते.

दहावीच्या वाढीव गुणांचा हिशेब आत्ता नको. चित्रकलेच्या एलिमेंटरीला, म्हणजे शासनाच्या पहिल्या चित्रकला परीक्षेला, मुलं सातवी-आठवीच्या सुमारास बसतात. चार वर्षांच्या पोराकडून रेषेबाहेर न जाता रंग भरून घेणाऱ्या क्लासपासून मी तरी लांब राहीन.

मोफत तास बघताना

दोन तास मागे बसून बघा. पुढच्या रांगेतली हुशार मुलं कुठेही शिकतात, त्यांच्याकडे बघून काही कळत नाही. मागे पडलेलं, इकडेतिकडे बघणारं एक मूल हेरा आणि सर किंवा ताई त्याच्याशी कसं वागतात ते पाहा. चार-पाच वर्षांच्या मुलांकडून पाऊणभर तास एकच गोष्ट करून घेत असतील तर तिथूनच परत फिरा.

आणि सोडायचंच ठरलं तर गुपचूप बंद करू नका. महिना संपायच्या आत सरांना सांगा, शेवटच्या दिवशी मुलाला नेऊन टाटा करू द्या. आमचे स्केट्स भाच्याला गेले. लेक आता समोरच्या घरी तबल्याला जाते, सकाळी साडेआठला, स्वतःच्या चपला स्वतः घालून.