अन्नघटकांच्या चाचण्या: या चुका टाळा

अंड्याचा पांढरा भाग तपासायचा आणि जर्नलमध्ये ‘प्रथिने नाहीत’ असे लिहायचे! प्रथिने ओळखण्याच्या बाययुरेट चाचणीत हे इतक्या वेळा घडते की चूक पाहण्याआधीच ओळखता येते: मोरचूद (कॉपर सल्फेट) जास्त पडलेले असते.

नळीत २ मिली नमुना, २ मिली १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड. नीट हलवायचे. मग १ टक्का मोरचुदाचे द्रावण ड्रॉपरने तीन ते पाच थेंब, प्रत्येक थेंबानंतर हलवत. येणारा जांभळा रंग मुळात फिका असतो. ‘रंग दिसत नाही’ म्हणून वरून आणखी मिलीभर ओतले की जादा तांब्याचा अल्कलीशी संयोग होऊन निळा, चिकट साका बसतो आणि जांभळा रंग त्याखाली दडतो. ती नळी दुरुस्त करत बसू नका, ओतून द्या आणि नव्याने सुरुवात करा. शेजारी दुसऱ्या नळीत नमुन्याऐवजी पाणी घेऊन तेवढेच थेंब घाला आणि दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर धरा. पाण्याची नळी न ठेवता दिलेला निकाल मी तरी मानत नाही.

हळद घातलेले वरणही नमुना म्हणून आणू नका. हळद अल्कलीत लालसर तपकिरी होते आणि सगळा रंग बिघडवते. त्यापेक्षा साधी डाळ चार तास भिजवा, वाटा, गाळा. आणि बाययुरेट तापवायचे नसते.

साखर ओळखण्याची बेनेडिक्ट चाचणी मात्र तापवल्याशिवाय होत नाही. इथली ठरलेली चूक म्हणजे घरातली साखर. साखरेच्या पाण्यात तांबे असलेले निळे बेनेडिक्ट द्रावण घातले, पाच मिनिटे उकळले, निळेच राहिले. मग आणखी दहा मिनिटे उकळत बसतात. कितीही वेळ ठेवा, सुक्रोज, म्हणजे हीच घरातली साखर, तांब्याचे क्षपण करत नाही, कारण त्यातल्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोघांचे क्रियाशील गट एकमेकांच्या जोडणीत अडकलेले असतात. ती जोडणी आधी तोडावी लागते. साखरेच्या २ मिली द्रावणात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे पाच-सहा थेंब घालून दोन-तीन मिनिटे उकळा, गार करा. मग खाण्याचा सोडा चिमटी-चिमटीने घाला, फेस येणे थांबेपर्यंत. हीच पायरी घाईत गाळली जाते. आम्ल शिल्लक राहिले की ते बेनेडिक्टमधला सोडियम कार्बोनेट संपवते, अल्कली उरत नाही आणि साखर दाखवणारा विटकरी साका येत नाही. त्यानंतर २ मिली बेनेडिक्ट घालून उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटे ठेवा. थेट बर्नरवर नको, द्रावण उसळून बाहेर येते.

गूळ आम्लाशिवायही रंग देतो, कारण त्यातल्या काही सुक्रोजचे विघटन आधीच झालेले असते. म्हणून दोन नळ्या लावा, एक आम्लाची आणि एक बिनआम्लाची. पहिलीत रंग जास्त गडद आला तरच सुक्रोज आहे असे लिहा. आणि हिरवा रंग म्हणजे ‘नाही’ नव्हे. साखर थोडी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

स्टार्च तपासताना आयोडीन गरम नमुन्यावर टाकू नका. निळा-काळा रंग उष्णतेने जातो, गार झाल्यावर परततो. लिंबाचा रस लागलेल्या बटाट्यावरही फसाल, कारण क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवते. कांद्यात स्टार्च शोधू नका, तो साखरेच्या रूपात साठा करतो.

स्निग्ध पदार्थाचा कागदावरचा डाग वाळल्यावरच पाहा. ओला कागद पाण्यानेही पारदर्शक दिसतो.

स्टार्चच्या चाचणीआधी पानातले हरितद्रव्य काढताना अल्कोहोल ज्योतीवर कधीच तापवायचे नाही. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ पेट घेते. पाणी उकळा, बर्नर बंद करा, मगच अल्कोहोलची नळी त्या गरम पाण्यात ठेवा. पान ठिसूळ झालेले असते. कोमट पाण्यात बुडवून मऊ केल्याशिवाय पसरू नका, तुकडे होतात.